चार नंबरचं झाकण

वाल्मोरने पिवळं झाकण खिडकीच्या फळीवर ठेवलं आणि दरवेळी म्हणायचा तो एकच शब्द म्हणाला.

“दुरुस्तीला.”

नेर्सीने झाकण जवळ ओढलं. रंध्याच्या मशीनची पाती फिरतात, त्यांच्यावर बसणारं हे लोखंडी झाकण हातभर लांब होतं आणि दिसायचं त्यापेक्षा बरंच जड. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. बिजागरी धड होती, स्प्रिंग धड होती, रंग तर गेल्याच महिन्यात लागला होता. तिने खणातून चिठ्ठी काढली आणि डाव्या हाताने लिहिली: मशीन चार, तारीख अकरा ऑगस्ट, कारण दुरुस्ती. मग चिठ्ठी वाल्मोरपुढे सरकवली. त्याने न वाचता सही ठोकली.

“तुझं हे चिठ्ठ्यांचं खूळ काही जात नाही.”

“चिठ्ठीशिवाय स्टोअरमध्ये काही येत नाही, स्टोअरमधून काही जात नाही. नियम तुमचाच आहे, वाल्मोरसाहेब.”

“हो बाई, माझाच.” तो हसला. “बावीसला कंटेनर गेला की घेऊन जातो. तोवर राहू दे मागे कुठेतरी. गुडघा काय म्हणतोय?”

“ऑगस्टच्या या थंडीत कुरकुरतो.”

“अकरा महिने तर राहिले तुझे. मग बस चुलीपाशी शेकत.”

वाल्मोर माणूस वाईट नव्हता, आणि त्याच्याबाबतीतली खरी अडचण तीच होती. उत्पादनाचा साहेब झाला तरी तो प्रत्येकाच्या गुडघ्याची, आईची, कुत्र्याची चौकशी करायचा. पण पलंगांची मोठी ऑर्डर आली की त्याच्या खिशातला पाना बाहेर निघायचा. झाकण असलं तर प्रत्येक वेगळ्या फळीसाठी त्याची उंची जुळवत बसावं लागतं. नसलं की फळ्या सुसाट जातात. दिवसाला साठ-सत्तर फळ्यांचा फरक पडतो. तपासणी यायच्या आत झाकण पुन्हा जागेवर बसलेलं असायचं, आणि आजवर कुणाला काही झालं नव्हतं. म्हणजे नेर्सीनंतर कुणाला.

तिने चिठ्ठी तारेने झाकणाला बांधली आणि झाकण सरसाच्या डब्यांमागे, सगळ्यांत खालच्या फळीवर सरकवलं. तिथल्या धुळीत त्याच्या मापाचा चौकोन आधीच उमटलेला होता.

कारखान्यातल्या दोनशे माणसांना नेर्सी छातीपासून वरच ठाऊक होती. चौदा वर्षं ती त्या खिडकीमागे बसली होती. माणसं यायची, स्क्रू, पॉलिशपेपर, चिकटपट्टी घेऊन जायची. चिकटपट्टी फार खपायची, कारण बोट कापलं तर ते गुपचूप पट्टीत गुंडाळायचं असा रिवाज होता. गेटवरच्या फळ्यावर ‘अपघाताविना दिवस’ लिहिलेले असत, आणि पाचशे झाले की कंपनी सगळ्यांना मांस भाजून जेवण घालणार होती. आकडा चारशे अडुसष्टवर आला होता. आता आपल्या बोटापायी तो शून्यावर आणणाऱ्याची दोनशे माणसांनी पूजा थोडीच केली असती!

दहाच्या सुट्टीत मशीन-हॉलच्या दारात, संत जोसेफच्या तसबिरीखाली घोळका जमायचा आणि तुंब्यातला कडू चहा एका हातातून दुसऱ्या हातात फिरायचा. सगळे एकाच नळीने प्यायचे, एकमेकांची टिंगल करायचे. तुंबा खिडकीपर्यंत कधी आला नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. खिडकी जरा लांब पडायची, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली आली ती जांदिरा. चार नंबरच्या मशीनवर तीच काम करायची. पस्तिशीची, ढांगा टाकत चालणारी, दुरूनच बोलायला सुरुवात करणारी.

“मावशी, कानातले बोळे दे. कालचे कुत्र्याने खाल्ले.”

“मग आता कुत्र्याला ऐकू येईनासं झालं असेल.”

“कुत्र्याला येतं गं. नवऱ्याला येत नाही.” तिने खिडकीत कोपर टेकलं. “माझं झाकण कधी येणार? ती उघडी पाती बघितली की हात आपोआप मागे येतो.”

नेर्सी बोळ्यांचं पाकीट शोधत राहिली. पाकीट तिच्या समोरच होतं.

“येईल,” ती म्हणाली.

“शहरातून पार्ट यायचाय म्हणे. वाल्मोर म्हणतो, हात सपाट ठेव, बोटं वर ठेव. ठेवते. आणखी काय करू?”

“येईल.”

“शनिवारी ऐक हं. चौथं तुझं.”

नेर्सीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे चर्चचं सभागृह होतं. शनिवारी संध्याकाळी तिथे नाच असायचा आणि जांदिरा अकॉर्डियन वाजवायची. तीन वर्षांपूर्वी एकदा खिडकीत नेर्सीने सहज विचारलं होतं, तो संथ वाल्स कुठला वाजवलास गं परवा. तेव्हापासून दर शनिवारी चौथी चाल ती असायची. सभागृहात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. लोक नाचायचे आणि टाळ्या वाजवायचे. नेर्सी आपल्या स्वयंपाकघरात बसून, दिवा न लावता ऐकायची.

ती रस्ता ओलांडून जायची नाही. जाऊन करणार काय? नाचात बाईला आपला उजवा हात पुरुषाच्या हातात द्यावा लागतो. नेर्सीच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं नव्हती. अपघातानंतरच्या वर्षी ती एकदा गेली होती. एकाने हात धरला, मग त्याचे डोळे खाली गेले, आणि चाल संपेपर्यंत तो बिचारा अगदी सभ्यपणे छताकडे बघत राहिला.

त्या शनिवारी चौथी चाल सुरू झाली तेव्हा तिने चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं, उकळीचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून. पातेल्यात पिन्यांवच्या, म्हणजे पाइनच्या झाडाच्या, बिया होत्या, पातेलंभर. मूठभर पिन्यांव उकडणं तिला कधी जमलंच नाही. निम्म्या बिया दर रविवारी शेजारणीच्या कोंबड्यांना जायच्या. जांदिराचा उजवा हात वरच्या पट्टीत धावत गेला, थबकला, परत आला. नेर्सीने डोळे मिटले आणि तिला पट्टी दिसेना, फळी दिसू लागली. पात्यांकडे सरकत जाणारी फळी आणि तिच्यावर सपाट ठेवलेला हात. तिने उठून खिडकी लावून घेतली. आपल्या चालीच्या मधोमध ती असं पहिल्यांदाच करत होती.

सोमवारी सुरक्षा सप्ताह सुरू झाला. कायद्याने वर्षातून एक आठवडा प्रत्येक कारखान्याला हा उत्सव करावा लागतो, आणि सेफ्टी ऑफिसर आदेमिरचा तर तो दिवाळसणच. तीन कारखाने सांभाळणारा हा माणूस एरवी महिन्यातून दोनदा उगवायचा. या आठवड्यात मात्र तो भिंतीभिंतीवर चढायचा. घोषवाक्यांची स्पर्धा, पोस्टरं, हेल्मेट घातलेल्या खारीचं चित्र, सोडतीत प्रेशर कुकर. भुसा कसा उडतो हे त्याला फारसं ठाऊक नव्हतं, पण यमक पक्कं जुळायचं.

“नेर्सीबाई, यंदा तुम्हाला विश्रांती!” तो खिडकीशी येऊन म्हणाला.

“कसली?”

“भाषणाची हो. चौदा वर्षं तेच तेच सांगून तुम्हालाही कंटाळा आला असेल. यंदा नाटक मंडळी बोलावली आहेत. गुरुवारी. तुमचीच गोष्ट करणार आहेत, पण विनोदी. लोकांना हसू आलं की डोक्यात राहतं. एक मुलगी येईल बुधवारी तुमच्याशी बोलायला, तिला सगळं सांगा.”

नेर्सीने मान डोलावली. तो गेल्यावर ती बराच वेळ स्क्रूच्या पुड्या एकसारख्या लावत बसली. त्या एकसारख्याच होत्या.

घरी निळा ब्लाऊज इस्त्री करून खुर्चीवर टाकलेला होता. वर्षातून एक दिवस ती तो घालायची, कॅन्टीनमध्ये मायक्रोफोनपुढे उभी राहायची, आणि दोनशे माणसं तिच्याकडे बघायची. छातीपासून खालीसुद्धा. ती सांगायची, मला घाई होती, ओव्हनमध्ये केक होता, बहीण जेवायला येणार होती, म्हणून मी झाकण काढलं. मी स्वतः काढलं. केकपाशी लोक हसायचे. हात वर केला की गप्प व्हायचे. शेवटी टाळ्या वाजायच्या, आणि त्या दिवशी दुपारी तीन-चार माणसं तरी खिडकीशी येऊन म्हणायची, छान बोललात. ही लाज वाटण्यासारखी गोष्ट होती हे तिला कळायचं. पण त्या दिवसाची ती जूनपासून वाट बघायची, हेही खरं होतं.

बुधवारी मुलगी आली. लुआरा तिचं नाव; आखूड केस, दातांनी कुरतडलेली नखं, हातात वही. ती खिडकीबाहेर उभी राहिलीच नाही. बाजूचं दार ढकलून सरळ आत आली आणि सरसाच्या डब्यावर बसली. चौदा वर्षांत असं कुणी आत येऊन बसलं नव्हतं.

नेर्सीने तिला गोष्ट सांगितली. लुआरा ऐकत राहिली.

“तुम्ही हे पाठ म्हटल्यासारखं सांगता, नेर्सीबाई. रागावू नका. मी नटी आहे, मला कळतं.”

“चौदा वेळा सांगितलंय. होणारच पाठ.”

“बरं, मला करून दाखवायचंय. झाकण काढतात कसं?”

“चार बोल्ट असतात. पान्याने सैल करायचे.”

“पाना मशीनपाशीच असतो?”

“छे, मशीनपाशी कशाला? पाना फोरमनच्या...”

नेर्सी थांबली. लुआराची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, ती तशीच राहिली.

“म्हणजे तुम्ही फोरमनकडून मागून घेतलात?”

“नाटकात पान्याचं काही दाखवू नकोस,” नेर्सी म्हणाली. “हातानेच काढल्यासारखं कर. लोकांना कळतं.”

“तेव्हा फोरमन कोण होतं?”

“पाऊस येईलसं दिसतंय. सामान आत घ्यायला सांग तुझ्या माणसांना.”

लुआराने वही मिटली. उठता उठता ती म्हणाली, “पुठ्ठ्याचं झाकण केलं होतं आम्ही, ते कालच भिजून लगदा झालं. तुमच्याकडे एखादं खरं मिळेल का? उद्यापुरतं?”

“खरं झाकण मशीनवर असतं,” नेर्सी म्हणाली.

झाकण लुआराच्या टाचेपासून वीतभर अंतरावर होतं.

मुलगी गेली आणि तो पाना काही नेर्सीच्या डोक्यातून जाईना. चौदा वर्षांत तो प्रश्न कुणी विचारला नव्हता, याचं आता तिला नवल वाटलं. वाल्मोर तेव्हा फोरमन होता. सकाळी येऊन त्याने चार बोल्ट काढले, म्हणाला, आजचा दिवस निघू दे, नेर्सी, हात सपाट ठेव. केक बिक काही नव्हता. तिसऱ्या दिवशी तो पेरूच्या वड्यांचा डबा घेऊन दवाखान्यात आला आणि खाटेशी बसून रडला, खरंच रडला. मग म्हणाला, मी काढलं म्हणालीस तर माझी नोकरी जाईल, तुझी लढाई कोर्टात दहा वर्षं चालेल. तू काढलंस म्हणालीस तर स्टोअरमध्ये तुझी जागा पक्की, निवृत्तीपर्यंत तुला कुणी हात लावणार नाही, माझा शब्द. तिने जबानीच्या कागदावर डाव्या हाताने सही केली. आयुष्यातली ती तिची पहिली डावी सही. केक तिने तिसऱ्या वर्षी घातला, लोक जरा पेंगत होते म्हणून.

आणि वाल्मोरने शब्द पाळला होता. तिला कुणी हात लावला नव्हता.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता, नाटकाला अर्धा तास असताना, नेर्सीने सरसाचे डबे बाजूला केले आणि झाकण बाहेर काढलं. ओल्या फडक्याने पुसलं. मग चिठ्ठीची तार सोडायला घेतली. एक पीळ सुटला, दुसरा सुटला. हॉलमधून मशिनांचा आवाज येत होता आणि त्यातून चार नंबरचा आवाज तिला वेगळा कळत होता. फळी आत जाताना तो घोगरा होतो, संपत आली की चढतो, आणि जिथे चढतो तिथे हात पात्यांच्या सगळ्यांत जवळ असतो. आवाज चढला. नेर्सीची बोटं तारेवर थांबली. आवाज खाली आला, दुसरी फळी लागली, पुन्हा चढला.

तिने दोन्ही पीळ पुन्हा भरले. मग पक्कड घेतली आणि तिसरा भरला.

कॅन्टीनच्या मागच्या दाराशी लुआरा डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप बसवत होती. नेर्सीचा अंबाडा होता तो, थोडा मोठा केलेला.

“दोन्ही हातांनी धर, जड आहे,” नेर्सी म्हणाली. “संध्याकाळी परत पाहिजे.”

“देवासारख्या आलात! चिठ्ठी काढून ठेवू का?”

“चिठ्ठीशिवाय स्टोअरमधून काही जात नाही.”

लुआराने चिठ्ठी उलटून वाचली. तिने मान वर केली तेव्हा नेर्सी पाठ फिरवून आत निघाली होती.

नाटक छान झालं, सुरुवातीला तरी. एक धिप्पाड नट मशीन झाला होता. दात विचकून घरघरायचा आणि फळी खायचा. लुआरा अंबाडा हलवत, केक-केक करत धावायची. माणसं पोट धरून हसली. नेर्सी तिसऱ्या रांगेच्या टोकाला निळा ब्लाऊज घालून बसली होती. शेजारचा पॉलिशवाला तिला कोपराने ढोसून म्हणाला, “अगदी तुम्हीच हो, नेर्सीबाई!” तीही हसली. न हसून कसं चालेल?

मग लुआरा पुढे आली, हात कानाशी नेला आणि विचारलं, “काय मंडळी, झाकण कुणी काढलं?”

“नेर्सीनं!” पाच-सहा जण ओरडले.

“ऐकू नाही आलं! कुणी काढलं?”

“नेर्सीनं!”

तिसऱ्या वेळी दोनशेच्या दोनशे माणसं ओरडली. आनंदाने, पाय आपटत. खुन्नस कुणाच्याच मनात नव्हती. जांदिराही ओरडली, तोंडाशी हाताचे कर्णे करून. नेर्सीने उजवा हात डाव्या हाताखाली घातला. आपलं नाव इतक्या मोठ्याने घेतलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्या गर्दीत तिला इतकं एकटं वाटलं, की उठून स्टोअरमध्ये जावं आणि दार लावून घ्यावं.

लुआराने वाकून झाकण उचललं. ते उचलताना तिचा तोल गेला, लोक पुन्हा हसले. चिठ्ठी हेलकावे खात लोंबकळली.

“अरेच्चा, याला तर चिठ्ठीपण आहे! बघू या, नेर्सीबाईंनी काय लिहिलंय.” तिने डोळ्यांवर नसलेला चष्मा सारखा केला. “मशीन चार. कारण दुरुस्ती. तारीख अकरा ऑगस्ट.” ती थबकली. “म्हणजे गेल्या आठवड्यातल्या मंगळवारची.”

मागच्या रांगा अजून हसत होत्या. मशीन-हॉलची माणसं सगळ्यांत आधी गप्प झाली. मग हळूहळू बाकीचे. जांदिरा उभी राहिली.

“चार नंबर माझं मशीन आहे,” ती म्हणाली.

“हो, दुरुस्तीला आहे ते झाकण,” वाल्मोर भिंतीपाशी उभा होता तिथून म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच प्रेमळ होता. “बस, जांदिरा. चालू द्या तुमचं नाटक.”

“काय बिघडलंय त्यात?”

आदेमिरने लुआराच्या हातातून झाकण घेतलं, बिजागरी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. स्प्रिंग टणकन वाजली. त्याच्या चेहऱ्यावरचा उत्सव उतरला. त्याने चिठ्ठीवरची सही पाहिली, मग भिंतीकडे पाहिलं, आणि मग माणसांच्या डोक्यांवरून तिसऱ्या रांगेच्या टोकाला.

“नेर्सीबाई, काय बिघडलंय याच्यात?”

नेर्सी उभी राहिली. मायक्रोफोन नव्हता, आणि या वेळी काही पाठही नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली. “काहीच बिघडलेलं नाही.” तिला थांबायचं होतं, पण वाल्मोर तिच्याकडे बघत होता, दवाखान्यात बघितलं होतं तसा. “तेव्हाही बिघडलेलं नव्हतं.”

ती बसली. टाळी वाजली नाही. प्रेशर कुकरची सोडत कुणी काढली नाही.

संध्याकाळी वाल्मोर खिडकीशी आला. झाकण त्यालाच बसवायचं होतं. आदेमिर मागे दहा पावलांवर उभा होता.

“चौदा वर्षं तुला सांभाळलं मी, नेर्सी.”

“हो.”

“अकरा महिने. अकरा महिने फक्त राहिले होते.”

“हो,” ती म्हणाली आणि चिठ्ठी उलटी करून त्याच्यापुढे सरकवली. “परत नेताना मागच्या बाजूला सही लागते.”

या वेळी त्याने चिठ्ठी वाचली. मग सही केली.

शुक्रवारी सकाळी चौकशीची नोटीस लागली. सोमवारी नेर्सीलाही बोलावलं होतं, तिचा चौदा वर्षांपूर्वीचा कागद घेऊन. खोटी जबानी ती खोटीच, असं ऑफिसातली बाई फोनवर म्हणाली. दहाच्या सुट्टीत तुंबा फिरला, पण टिंगल कुणी केली नाही. बावीसचा कंटेनर काही आता जात नव्हता.

जांदिरा सगळ्यांच्या शेवटी आली. दुरून बोलत आली नाही.

“बोळे.”

नेर्सीने पाकीट दिलं. जांदिराने ते घेतलं नाही.

“नऊ दिवस,” ती म्हणाली. “रोज इथे उभी राहून विचारत होते मी. कुठे होतं ते?”

नेर्सीने सरसाच्या डब्यांकडे मान वळवली.

“तिथे?” जांदिराने खिडकीतून वाकून पाहिलं. धुळीतला चौकोन तिला दिसला असावा. “आणि तू ‘येईल’ म्हणत होतीस.”

“हो.”

“तुला ठाऊक होतं काय होतं ते. कारखान्यात एकटीला तुलाच ठाऊक होतं.”

नेर्सीला सांगता आलं असतं, की पक्कड मी घेतली, तिसरा पीळ मी भरला. ते खरंही होतं. पण तो पीळ नवव्या दिवशीचा होता. जांदिराने फळीवर पंजा टेकवला, जणू दाखवायलाच; पाची बोटं, नखांत भुसा. मग पाकीट उचललं आणि ढांगा टाकत निघून गेली.

शनिवारी नेर्सीने पिन्यांव चढवले, पातेलंभर. पलीकडे सभागृहाचे दिवे लागले. अकॉर्डियन आज ऐकू येईल की नाही याची तिला खात्री नव्हती, पण पहिली चाल सुरू झाली, जरा जोरातच. दुसरी झाली. तिसरी झाली. नेर्सीने पातेलं खाली उतरवलं, खिडकी सताड उघडली आणि थंडीत उभी राहिली.

चौथी चाल एक धावती पोल्का होती. पाचवीही वाल्स नव्हता. सहावी, सातवी, ती मोजत गेली आणि नंतर मोजायचं सोडून नुसती ऐकत राहिली. लोक नाचत होते, फरशीवर टाचा वाजत होत्या. शेवटच्या चालीत जांदिराने उजवा हात वरच्या पट्टीत नेला, खालपर्यंत आणला, पुन्हा वर नेला, आणि एकही स्वर गाळला नाही.

मग टाळ्या झाल्या, दिवे मालवले गेले, माणसं गप्पा मारत तिच्या खिडकीखालून गेली. कुणी वर पाहिलं नाही. नेर्सीने खिडकी लावली आणि गार झालेल्या पातेल्याशी बसून एक एक बी डाव्या हाताने सोलायला घेतली.